माझी आठवी बॅटरी

शिकवणीची एक जुनी गाडी, एवढीच माझी ओळख आहे, मित्रांनो. पुढच्या आणि मागच्या काचेवर 'शिकाऊ चालक' अशी लाल पाटी, एका दारावर पोचा, आणि पायाशी पॅडलांचे दोन संच: एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शिकवणाऱ्याच्या. मला पाहिलं की लोक लांबूनच बाजूला होतात. हा मान माझा नाही, माझ्यात बसलेल्या माणसाच्या भीतीचा आहे, हे मला अकरा वर्षांत पुरतं कळलं आहे.

मी थकले आहे. इतर गाड्या सकाळी एकदा सुरू होतात, दिवसभर कुठेतरी उभ्या राहतात आणि संध्याकाळी घरी येतात. माझं तसं नाही. माझ्यात बसणारा प्रत्येक जण क्लच आधी सोडतो आणि विचार नंतर करतो. मला हिसका बसतो, मी बंद पडते. तो किल्ली फिरवतो, मी सुरू होते, तो पुन्हा क्लच सोडतो. दिवसातून तीस-चाळीस वेळा असं होतं. प्रत्येक वेळी मला उठवायचं काम बॅटरीचं. म्हणून माझं वय लोक वर्षांत मोजत असले, तरी मी ते बॅटऱ्यांत मोजते. आजवर माझ्या सात बॅटऱ्या झाल्या. आज मी तुम्हाला आठवीची गोष्ट सांगणार आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या बहिणी रांगेने उभ्या होत्या. कुणी डॉक्टरीणबाईंकडे गेली, कुणी नव्यानेच संसार मांडलेल्या जोडप्याकडे. मी आले सरांकडे. सर म्हणजे ड्रायव्हिंग शिकवणारे सर. सगळं गाव त्यांना सर याच नावाने ओळखतं. त्यांनी मला आणलं, दुसऱ्या पॅडलांचा संच बसवून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी कामाला जुंपलं. सुरुवातीला माझं कौतुकही खूप झालं. एका परीक्षकाने उतरताना माझ्या टपावर थाप मारून म्हटलं होतं, "सर, तुमची गाडी म्हणजे अर्धी मास्तरीण आहे." ते वाक्य मी दोन वर्षं पुरवून पुरवून वापरलं. पुढे कौतुक आटलं. पोचा पडला तो पडलाच. सीटचा स्पंज बाहेर आला तेव्हा सरांनी त्यावर घरची जुनी उशी ठेवली आणि विषय संपवला.

सरांची शिकवायची एक पद्धत आहे. नवा माणूस आला की पहिले पंधरा दिवस रोज वीस मिनिटं इंजिन बंद. किल्ली अर्धी फिरवायची आणि मग दिवे, इशाऱ्याचे दिवे, वायपर, पंखा, हॉर्न, सगळं एकेक करून दाखवायचं. त्याला खाली उतरवून माझ्यासमोर उभं करायचं, म्हणजे दिवे कसे लागतात ते त्याला दिसावं. इंजिन चालू का करत नाही, असं कुणी विचारलं तर सर म्हणतात, "इंजिन घुरघुरायला लागलं की माणसाचं लक्ष भीतीकडे जातं. आधी ओळख होऊ दे." त्यांच्या मनात खरोखर शिकणाऱ्याची काळजी असते. पण मित्रांनो, इंजिन बंद असताना हे सगळं चालतं ते एकट्या बॅटरीच्या जिवावर. दिवसाला असे सहा विद्यार्थी धरले तर दोन तास ती नुसती देत राहते, भरून काही मिळत नाही. वर पुन्हा तीस-चाळीस वेळा मला उठवायचं. अशाने कुणीही झिजेल. मला हे पहिल्या वर्षापासून माहीत होतं, पण मला तोंड नाही. हॉर्न आहे, तो दुसऱ्याच्या हातात.

त्यामुळे माझ्या बॅटऱ्या दीडेक वर्षात आटपायच्या, आणि सर दुकानदारांना नावं ठेवायचे.

दुसरी आणि तिसरी बॅटरी आली ती पाणीवाल्यांकडून. पाणीवाले हे सरांचे शाळेपासूनचे मित्र. तरुणपणी सायकलला शुद्ध पाण्याचा कॅन अडकवून दारोदार बॅटऱ्यांत पाणी भरत फिरायचे, म्हणून हे नाव. आता त्यांचं छोटं दुकान आहे, नदीपलीकडे. दर रविवारी दोघं माझ्या टपावर चहाचे कप ठेवून तासभर गप्पा मारायचे. त्या कपांचे गोल डाग माझ्या टपावर अजून आहेत. तिसरी बॅटरी चौदा महिन्यांत गेली तेव्हा सर भर बाजारात त्यांना म्हणाले, "मित्र म्हणवतोस आणि शिळा माल गळ्यात मारतोस?" पाणीवाल्यांचा चेहरा एकदम उतरला. ते काही बोलणार होते, पण सर माझ्यात बसले आणि दार असं आपटलं की माझी काच खळखळली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. त्यानंतर सहा वर्षं सर नदीच्या पुलावरून गेले नाहीत. चार बॅटऱ्या इकडून तिकडून आणल्या, त्याही तशाच गेल्या. रविवारी सर एकटे चहा पितात, घरात.

आता काकूंबद्दल सांगते. काकू अठ्ठावन्न वर्षांच्या. सर त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे, तरी सगळा वर्ग म्हणतो म्हणून तेही त्यांना काकूच म्हणतात. काकूंच्या घरी गाडी आहे, ती त्यांचे यजमान चालवायचे. त्यांना किडनीचा आजार जडला. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यावं लागतं आणि येताना त्यांच्या अंगात उभं राहायचंही त्राण नसतं. सध्या शेजारी नेतात, पण शेजाऱ्यांची बदली झाली आहे. महिनाअखेर ते जाणार. म्हणून काकू या वयात शिकायला आल्या.

त्या दोनदा नापास झाल्या, आणि दोन्ही वेळा माझ्यामुळे. परीक्षेच्या मैदानात एक चढ आहे. तिथे थांबून पुन्हा निघायचं असतं. गाडी एकदा बंद पडली तर चालतं. पुन्हा सुरू करायला मिळते. काकूंच्या हातून मी दोन्ही वेळा चढावर बंद पडले, त्यांनी किल्ली फिरवली आणि माझ्या पोटातून फक्त 'टक्' आवाज आला. परीक्षकाने कागदावर लिहिलं, 'उमेदवारास गाडी सुरू करता आली नाही.' दोष माझा आणि नाव काकूंचं. त्या कागदाची मला अजून शरम वाटते. सरांनी दोन्ही वेळा तीच बॅटरी बाहेरून भरून आणली आणि तिच्यावरच भागवलं. तिसऱ्यांदा नापास झालं तर दोन महिने थांबावं लागतं. काकूंकडे दोन महिने नव्हते.

तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी सरांनी एका नव्या मुलीला वीस मिनिटं दिवे-वायपर दाखवले. ती गेली, काकू बसल्या, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

सर कपाळाला हात लावून उभे राहिले. मग त्यांनी समोरच्या शिंप्याला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. "काकू, तुम्ही बसून राहा. दुसरा गिअर टाका, क्लच दाबून धरा. मी 'सोडा' म्हटलं की सोडा."

तिघांनी मला ढकललं. सरांची कंबर त्यांना शिव्या देत होती आणि सर मला. "सोडा!" म्हटल्याबरोबर काकूंनी क्लच सोडला, मी एक आचका दिला आणि सुरू झाले. शिंप्याने टाळ्या वाजवल्या.

सर धापा टाकत खिडकीशी आले. "आता इंजिन बंद करायचं नाही. बंद पडलं तर पुन्हा ढकलायला माझ्यात दम नाही. सरका पलीकडे, मी चालवतो. नवी बॅटरी घेऊन येऊ."

"मी नाही सरकणार," काकू म्हणाल्या.

"अहो, भर गर्दीतून जायचंय. मध्येच बंद पडली तर?"

"उद्या परीक्षा कुणाची आहे, तुमची की माझी? आणि हे बघा, तुमचे पाय वर घ्या. तुम्ही तुमच्या बाजूने ब्रेक दाबता, क्लच दाबता आणि मला वाटतं मीच चालवतेय."

अकरा वर्षांत सरांना असं कुणी बोललं नव्हतं. ते गुपचूप बाजूच्या सीटवर बसले, चपला काढल्या आणि जेवायला बसल्यासारखी मांडी घातली. माझी दुसरी पॅडलं पहिल्यांदाच रिकामी राहिली.

निघालो आम्ही. काकूंनी स्टिअरिंग घट्ट आवळलं होतं. क्लचवरचा पाय मात्र हलका होता. जरा चुकलं की खेळ खलास, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

पहिलं दुकान हमरस्त्यावरचं, काचेच्या दारांचं. माझी सातवी बॅटरी तिथलीच. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला विक्रेता बाहेर आला. काकूंनी खिडकीतूनच विचारलं, "तुमच्याकडची ही बॅटरी वर्षाच्या वर जेमतेम चालली. का गेली?"

"आजकालच्या बॅटऱ्या अशाच असतात मॅडम. नवी घ्या, लगेच बसवून देतो." त्याने एक चकचकीत बॅटरी आणून दाखवली.

काकूंनी चष्मा लावला आणि तिच्या कडेवरची तारीख वाचली. घरी तेलाच्या डब्यावरचीही तारीख वाचणाऱ्या बाई त्या. "ही तर तयार होऊन दीड वर्ष झालं. इथे मांडणीवरच म्हातारी झालीय बिचारी. उद्या चढावर काय दम धरणार?"

"चालते हो, मॅडम."

"चालू दे. आम्हीही चालतो," म्हणून काकूंनी पहिला गिअर टाकला. सरांनी सवयीने पाय खाली घेतला होता, तो पुन्हा वर घेतला.

दुसरं ठिकाण सरांच्या मेहुण्यांनी सुचवलेलं. फोनवर ते म्हणाले होते, "माझं नाव सांगा, घरच्यासारखा माल देईल." गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची टपरी, समोर ओळीने काळ्याभोर बॅटऱ्या. दुकानदार तोंडाने अगदी गोड. "का गेली ते कशाला विचारता ताई? गेलेल्याचं दुःख करू नये. ही घेऊन जा, नव्यासारखी आहे."

"नव्यासारखी की नवी?" काकूंनी हात बाहेर काढून बॅटरीवर बोट फिरवलं. बोट काळं झालं. रंग अजून ओला होता.

काकूंनी ते बोट सरांपुढे धरलं. "मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा," त्या म्हणाल्या आणि पदराला न लावता रुमालाला बोट पुसलं.

तेवढ्यात सरांच्या मुलीचा फोन आला. तिने घरबसल्या बॅटरी मागवण्याचा पर्याय शोधला होता. गाडीचं नाव आणि पत्ता एवढंच सांगायचं, संध्याकाळपर्यंत माणूस येऊन बसवून जाईल. सरांचा चेहरा उजळला. काकूंनी विचारलं, "याआधी अशी मागवली होती का?"

"एक मागवली होती. सोळा महिने चालली."

"मग ती का गेली हे त्यांनी विचारलं?"

"कोण विचारणार? माणूस बसवून पाच मिनिटांत गेला."

काकूंनी नकारार्थी मान हलवली. मी रस्त्याच्या कडेला घुरघुरत उभी होते. ऊन वर आलं होतं, माझं पाणी तापायला लागलं होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, पुरे झालं. घ्या मिळेल ती बॅटरी, नाहीतर द्या मला भंगारात. माझ्या जागी एखादी नवी आणा, तिच्यावर काकू तरी पास होतील.

"आणखी एकही दुकान नाही का या गावात?" काकूंनी विचारलं.

सर खिडकीबाहेर बघत राहिले. "आहे एक. नदीपलीकडे. पण तिथे नको."

"का नको?"

मग सरांनी मित्राची गोष्ट सांगितली. सांगताना ते रागावलेले होते. मला वाटतं, रागावल्याशिवाय त्यांना ती सांगताच आली नसती. काकूंनी सगळी ऐकून घेतली.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "सहा वर्षांत त्यांच्याशिवाय इतक्या जणांची बॅटरी घेतलीत. एक तरी जास्त चालली का?"

सर बोटांवर बॅटऱ्या मोजू लागले आणि मध्येच थांबले.

"उद्या मी नापास झाले, तर पुढच्या महिन्यात यांना दवाखान्यात कोण नेणार? मी यांना काय सांगू? आमच्या सरांचं भांडण होतं, म्हणून?"

काकूंचे डोळे वाहत होते. त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. सरांनी नदीच्या दिशेने बोट दाखवलं. मग म्हणाले, "पुलावरून सरळ घ्या. उतरलं की डावीकडे."

पुलाचा चढ लागला आणि नेमकी पुढे वाहनांची रांग थांबली. परीक्षेच्या मैदानापेक्षा हा चढ खडा. मागे एक टेम्पो अगदी माझ्या पाठीला चिकटून उभा राहिला. काकूंनी हँडब्रेक ओढला. सरांचे पाय मांडीतून सुटून खाली आले, पण पॅडलापासून चार बोटं वर थांबले. रांग हलली. काकूंनी क्लच थोडा सोडला, माझं नाक जरासं वर उचललं गेलं, तेव्हाच हँडब्रेक सोडला. मी मागे एक इंचही सरले नाही आणि बंदही पडले नाही. सरांनी सुस्कारा टाकला, तो मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला.

पाणीवाले दुकानाच्या पायरीवर बसून काहीतरी पुसत होते. मला पाहून उठले. केस पांढरे झाले होते. सर उतरले, पण दाराचा आधार सोडेनात.  शेवटी पाणीवालेच माझ्याजवळ आले आणि माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "इंजिन बंद करू नका बाई, आधी चार्जिंग बघतो."

त्यांनी मीटर लावलं. "चार्जिंग व्यवस्थित आहे. गाडीत दोष नाही." मग इंजिन बंद करून बॅटरी काढली, तपासली. "ही गेली. आता सुधारायची नाही. पण नवी देण्याआधी मला एक सांगा, ही गाडी दिवसभर करते काय?"

सर म्हणाले, "गाडी काय करणार? चालते!"

"अरे, सहा वर्षांपूर्वी मला हेच विचारायचं होतं. तू ऐकून घेतलं नाहीस."

आणि काकूंनी अगदी सरळपणे सांगून टाकलं, "सर आधी वीस मिनिटं इंजिन बंद ठेवून शिकवतात. दिवे, वायपर, पंखा, हॉर्न. प्रत्येकाला. फार छान समजावतात."

पाणीवाल्यांच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी एक अक्षरही उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर सर भांडले असते. सरांनी एकदा माझ्या दिव्यांकडे बघितलं, एकदा जमिनीवरच्या मेलेल्या बॅटरीकडे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात त्यांची सहा वर्षं गेली होती.

"म्हणजे तुझा माल चांगला होता," सर म्हणाले.

"चांगलाच होता."

"मी तुला चारचौघांत बोललो."

"बोललास."

"चूक माझी होती रे." सरांचा आवाज अगदी लहान झाला होता. विद्यार्थ्यांना रोज चुका दाखवणाऱ्या माणसाला हे चार शब्द किती जड गेले, ते मला दिसलं.

पाणीवाले वाकून बॅटरी बसवायला लागले. ती तीनच आठवड्यांपूर्वी तयार झालेली होती. तारीख त्यांनी न विचारता काकूंना दाखवली. टोकं घासून साफ केली, नट आवळले. वर न बघता म्हणाले, "शिकवताना इंजिन चालू ठेवत जा. नाहीतर हीही मारशील. आणि रविवारी ये. माझ्याच्याने आता पूल चढवत नाही."

दुसऱ्या दिवशी मैदानात काकू आणि परीक्षक माझ्यात बसले. सर कुंपणाबाहेर. तुम्हाला वाटेल की आदल्या दिवशी पूल चढलेल्या काकूंना हा चढ सोपा गेला असेल. तसं झालं नाही. परीक्षक शेजारी बसला की माणसाचे पाय त्याचे राहत नाहीत. चढावर काकूंनी क्लच घाईने सोडला, मी हिसका खाऊन बंद पडले. परीक्षकाने पेन उघडलं. कुंपणाबाहेर सरांनी डोळे मिटले. काकूंनी हँडब्रेक ओढला, गिअर काढला, किल्ली फिरवली.

पहिल्याच फेरीला मी सुरू झाले. इतक्या खणखणीत आवाजात मी कित्येक वर्षांत सुरू झाले नव्हते. परीक्षकाने पेनाचं टोपण लावलं. चढ संपला तेव्हा काकू रडत होत्या आणि गाडी बरोबर आपल्या बाजूने चालली होती. परीक्षकाच्या कागदावर या वेळी 'उत्तीर्ण' असं लिहिलं गेलं.

मित्रांनो, मी अजूनही थकलेलीच आहे. नव्या बॅटरीने सीटचा स्पंज आत जात नाही आणि पोचाही भरत नाही. पण परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवी मुलगी आली, तेव्हा सरांनी सवयीने किल्ली अर्धी फिरवली आणि दिव्यांच्या बटणाकडे हात नेला. हात तिथेच थांबला. मग त्यांनी किल्ली पूर्ण फिरवली. माझं इंजिन घुरघुरलं आणि मुलगी दचकली. सर म्हणाले, "घाबरू नकोस. हा तिचा आवाज आहे. आधी तो ऐक, मग बाकीचं बघू."

अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी कुणाला माझा आवाज ऐकायला सांगत होतं. तुम्हीही एवढंच करा, मित्रांनो. तुमच्या घरात एखादी वस्तू थकेल, एखादं माणूस थकेल. त्याच्यासाठी नवं काही आणायला धावण्याआधी त्याच्याजवळ थोडं बसा आणि ते का थकलं ते नीट ऐकून घ्या. आम्हाला आपणहून सांगता येत नाही.